आधी बोटं, मग आवाज

वाद्यांच्या दुकानात माझ्या भावोजींना "बघतो-साहेब" म्हणतात. चौदा वर्षं ते त्या दुकानात जात होते. दर महिन्याला एकदा, नीट इस्त्री केलेला शर्ट घालून. घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करायला काय काय लागतं ते विचारायचे, प्रत्येक डबी हातात घेऊन उलटीसुलटी करायचे, तिचं वजन अंदाजाने सांगायचे आणि शेवटी "बघतो" म्हणून बाहेर पडायचे. दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूलच वेगळं ठेवलं होतं म्हणतात. इतकं नियमित आणि इतकं बिनकामाचं गिऱ्हाईक त्याने दुसरं पाहिलं नसेल.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा वजनकाटे दुरुस्त करायचा. सोनाराचा नाजूक काटा असो की गोदामातला पोती तोलायचा लोखंडी चौथरा, बिघडला की भावोजींकडे येतो. आयुष्यभर ग्रॅमशी गाठ पडलेली, त्यामुळे माणूस भयंकर काटेकोर झालेला. घरातलं टेबल डुगडुगतं म्हणून त्याच्या पायाखाली कागदाची घडी घालणारे लोक मी पाहिलेत, पण त्या घडीची जाडी मोजणारा एकच. ताई त्यांना भाजी आणायला पाठवत नाही, कारण ते भाजीवाल्याचा काटा दुरुस्त करून परत येतात, भाजी विसरून.

मला ह्या माणसाचा राग येतो आणि त्याच्यावर माझी मायाही आहे, दोन्ही एकाच वेळी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर गैरसमज नको.

लग्नाआधी भावोजी तीन मित्रांबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. मित्र नोकऱ्यांमागे पांगले. राहिली ती गिटार आणि एक जुना अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. आत काचेचे दिवे असलेली, चालू केल्यावर तापायला दोन मिनिटं घेणारी. आणि राहिल्या त्या चार धुना, भावोजींनी स्वतः बांधलेल्या. त्यांना शब्द नाहीत, नावंही नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी आणि ताईची.

ताईची धून लग्नाच्या पहिल्या वर्षातली. ताई जिन्यावरून पडली होती, पाय दीड महिना प्लास्टरमध्ये. भावोजी कामावरून आले की तिच्या पलंगाशेजारी बसून वाजवत बसायचे आणि तिथेच ती धून तयार झाली. मी तेव्हा शाळेत होते, पण मला ती आठवते. ती हळूहळू वर चढत जाते, एका जागी थांबते, आणि मग एकच उंच स्वर लागतो. त्या स्वरासाठी डाव्या हाताची करंगळी पार लांबवावी लागते. वरच्या फळीवरचा डबा काढायला आपण टाचा उंचावून हात ताणतो ना, तसं.

"किती छान आहे गं," मी ताईला एकदा म्हणाले होते.

"असेल. मला काय कळतंय त्यातलं? चालू असतं त्यांचं टिंगटिंग," ताई म्हणाली आणि तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. भावोजी वाजवायला बसले की ती दार ओढून घेणार, हे तेव्हापासून ठरलेलं.

तर ह्या चार धुना कुठेतरी नोंदवून ठेवायच्या, एवढीच भावोजींची इच्छा. पण घोडं अडलं होतं ते आवाजापाशी. तो दिव्यांचा अ‍ॅम्प मोठ्याने वाजवला तरच खुलतो. मोठ्याने वाजवला की खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. बारीक वाजवला तर पांघरुणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मग दुसरा अ‍ॅम्प घ्यावा का? की अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र? माइक कुठला? तो पेटीपासून किती बोटं लांब? भावोजींची एक हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात रकाने पाडून चौदा वर्षांची सगळी चिकित्सा भरलेली. एखादी वस्तू पक्की ठरत आली की बाजारात नवी यायची आणि भावोजी नवा रकाना पाडायचे. वहीला तीनदा पानं जोडून झाली होती.

मी नाद सोडून दिला होता. पण एक दिवस दोघं माझ्या स्टुडिओत आली.

माझा फोटो स्टुडिओ आहे, लहानसा. ओळखपत्राचे फोटो, कुटुंबाचे फोटो, कधीमधी वधूवरांचे. ताईला दोघांचा एक बरा फोटो हवा होता. मी तिला खुर्चीत बसवलं, भावोजींना मागे उभं केलं आणि म्हटलं, "भावोजी, डावा हात ताईच्या खांद्यावर ठेवा. सैल. पंजा सपाट."

त्यांनी ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळलेली.

"सपाट हो, भावोजी. खांदा पकडायचा नाहीये."

"सपाटच आहे," ते म्हणाले.

मी जवळ गेले आणि बोटं सरळ करायला गेले. ती सरळ होईनात. तळहाताच्या कातडीखाली दोरी ओढून बांधल्यासारखं काहीतरी कडक लागलं. ताईने मान वळवून वर पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस घरात हात खिशात घालून फिरत होता आणि आम्हाला वाटत होतं की वयाबरोबर ऐट आली.

त्या दिवशी फोटो काढलाच नाही. पुढच्या आठवड्यात मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला आणि तळहाताखालून पेन्सिल सरकवली. पेन्सिल आरपार गेली. "कातडीखालचा पडदा आखडतोय," ते म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल. सात आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. बोटं बरीचशी सरळ होतील. रोजची कामं होतील."

"गिटार?" भावोजींनी विचारलं.

"तेवढं बारीक काम जमेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. आणि थांबलात तर बोटं आणखी वळत जाणार, हे मात्र नक्की सांगतो."

भावोजींनी मान हलवली आणि म्हणाले, "बघतो."

माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांसमोर, बाहेर बसलेल्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "काय बघता? आता बघायला काय उरलंय? सात आठवडे आहेत! सात!" बाहेर आल्यावर भावोजी फुटपाथवर थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "मेहुणबाई, बाकीच्या तीन राहिल्या तरी चालतील. तिची तेवढी व्हायला हवी."

आम्ही तसेच दुकानात गेलो. दुकानदार टकला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलण्यात सावकाश. त्याने नेहमीचं स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं, हाताचं, तारखेचं, खालच्या बाईंच्या झाडूचं. त्याने चष्मा लावून भावोजींचा हात बघितला आणि मग त्यांच्याकडे बघितलं.

"साहेब, तुम्ही चौदा वर्षं उलट्या टोकाने सुरुवात करताय," तो म्हणाला. "आवाज ठरला की वाजवणार, असं तुमचं चाललंय. तुम्ही आधी वाजवून घ्या. गिटारची वायर सरळ ह्या डबीत लावायची आणि डबी संगणकाला. अ‍ॅम्प नाही, माइक नाही. खोलीत कुणाला काही ऐकू येणार नाही. तुमच्या बोटांनी जे केलं तेवढंच नोंदलं जाईल. ऐकायला कोरडं, मरतुकडं वाटेल. पण ते राहील. मग सवड होईल तेव्हा तीच नोंद संगणकातून बाहेर काढून अ‍ॅम्पमध्ये सोडायची, हव्या तेवढ्या मोठ्या आवाजात, हव्या त्या जागी, आणि समोर माइक लावून पुन्हा टिपायची. अ‍ॅम्पला कळतसुद्धा नाही की समोर माणूस नाही. शंभर वेळा करा. बोटं एकदाच लागतात."

"ह्याला रीअ‍ॅम्पिंग म्हणतात. माझ्या वहीत आहे," भावोजी काखेतली वही उघडत म्हणाले. "पान एकशे बारा."

"मग?"

"शेवटी आवाज कुठला येणार ते माहीत नसताना वाजवायचं कसं?"

इथे मी तोंड घातलं. "भावोजी, निगेटिव्ह. आम्ही पूर्वी काय करायचो? फोटो आज काढायचा. फिकट छापायचा की गडद, लहान की मोठा, ते नंतर. निगेटिव्ह जपली तर वीस वर्षांनी प्रिंट काढता येते. पण माणूस समोरून उठून गेल्यावर निगेटिव्ह कशाची काढणार?"

भावोजींनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "दाखवा."

त्यानंतरचे दोन तास मी जन्मात विसरणार नाही. संगणकाला जोडायची डबी त्यांना आठ तोंडांची हवी होती. दुकानदाराने विचारलं, "हात किती आहेत तुमच्याकडे?" आणि दोन तोंडांची दिली. मात्र बाहेर जायच्या वाटा चार असलेलीच घ्या म्हणाला, कारण दोन तुमच्या कानांना लागणार आणि अ‍ॅम्पकडे सोडायला आणखी एक पाहिजे. माइक त्यांना असा हवा होता की पान पडलं तरी ऐकू यावं. "मग खालच्या बाईंचा झाडूही येईल," दुकानदार म्हणाला आणि स्टेजवर गाणारे लोक हातात धरतात तसला साधा, दणकट माइक पुढे केला. पडला तरी मरत नाही आणि आपल्या नाकासमोरचं सोडून फारसं काही ऐकत नाही. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले. अ‍ॅम्प नवा नको, जुनाच राहू दे, हे तिघांनाही पटलं.

शेवटी उरली ती रीअ‍ॅम्पची डबी. साबणाच्या वडीएवढी, पत्र्याची, तिच्यावर एकच बटण. भावोजींनी ती तळहातावर तोलली. "दोनशे चाळीस ग्रॅम. आत आहे काय?"

"तारेची वेटोळी. संगणकातून येणारा आवाज तगडा असतो. अ‍ॅम्पला सवय गिटारच्या बारीक आवाजाची. ही मध्ये बसून त्याला बारीक करते."

"एवढंच?"

"एवढंच. पण हिच्याशिवाय अ‍ॅम्प तुमच्या बोटांना ओळखणार नाही."

सगळं काउंटरवर मांडून झालं. भावोजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं. मी म्हणाले, "ते वाक्य बोललात तर मी इथेच जमिनीवर बसेन." त्यांनी तोंड मिटलं आणि पिशवी मागितली. दुकानदाराने काउंटरच्या मागून बाहेर येऊन त्यांच्याशी हात मिळवला.

ताईच्या घरी मागच्या खोलीत मांडामांड झाली. स्टुडिओतला माझा संगणक तिथे नेला, गाद्या दाराला टेकवल्या. गिटार ट्यूबलाइटकडे तोंड करून धरली की भुणभुण येते, म्हणून भावोजी खुर्ची बोटाबोटाने फिरवत राहिले आणि कपाटाच्या डाव्या दाराकडे तोंड केल्यावर भुणभुण मेली, तिथे जमिनीवर खडूने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा केल्या. ताई केर काढताना त्या खुणांना वळसा घालायची. तोंडाने मात्र तिचा पाढा चालू असायचा, "माझं कपाट उघडायची सोय नाही राहिली."

आवाज किती मोठा घ्यायचा ते ठरवायला डबीवर एक चकती असते आणि पडद्यावर हिरवी पट्टी. भावोजींनी अंगठ्याने तार छेडून बघितली, काट्यावर प्रमाणवजन ठेवून बघतात तशी, आणि पट्टी अगदी वरच्या खुणेला टेकेल अशी चकती लावली. "काटा भरत आला की सगळ्यात खरं सांगतो," ते म्हणाले. "अर्धा रिकामा ठेवणं म्हणजे आळशीपणा." मला वाटलं, ह्यातलं ह्यांना कळतं. हे माझं चुकलंच.

हेडफोनमध्ये कोरडा आवाज ऐकून त्यांना वाजवायचा हुरूप येईना, म्हणून संगणकातलाच एक नकली अ‍ॅम्प लावून दिला, थोडी खरखर असलेला. तो फक्त कानांसाठी, नोंद कोरडीच. तीन आठवड्यांत चारही धुना झाल्या. ताईची धून झाली त्या दुपारी मी दुसरा हेडफोन लावून शेजारी बसले होते. धून चढत गेली, थांबली, भावोजींनी डोळे मिटले आणि करंगळी ताणून तो उंच स्वर असा काही वाजवला की मला रडू आलं. स्वयंपाकघराचं दार नेहमीप्रमाणे लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदी दुकानदाराकडे तपासायला नेल्या. त्याने नकली अ‍ॅम्प काढून टाकला आणि कोरडी नोंद मोठ्या स्पीकरवर लावली. भावोजींनी जिथे जिथे जीव ओतला होता, तिथे तिथे आवाज फाटला होता. बस स्टँडवरच्या जुन्या कर्ण्यासारखा. पडद्यावर लाटांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट. उंच स्वराची तर पार चिंधी झालेली.

"अंगठ्याने हळूच छेडून बघितलं असणार," दुकानदार म्हणाला. "मनापासून वाजवताना हात जड पडतो. आणि कानात खरखर लावलेली, त्यात हे लपून गेलं."

"दुरुस्त होईल?"

"बारीकसारीक जुळवता येईल. पण एवढं कापलं गेलेलं परत येत नाही."

मला वेगळं समजावायला नको होतं. फोटोत उजेड जास्त झाला की चेहरा पांढरा जळतो, आणि जळलेल्या पांढऱ्यात मागाहून नाक-डोळे काढता येत नाहीत. मी तशीच ताईकडे गेले आणि भावोजींना समोर बसवून सांगितलं.

ते आधी हसले. "आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो," ते म्हणाले, "काट्यावर क्षमतेपेक्षा जास्त टाकू नका, स्प्रिंग मरते. प्रमाणवजन ठेवून काटा लावला आणि खरं वजन त्यावर आदळलं." मग हसू थांबलं. त्यांनी डावा हात टेबलावर पालथा ठेवून पाहिला. आता त्याच्याखालून पेन्सिल नाही, माझं बोट गेलं असतं. मला त्या क्षणी स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. मी सात आठवडे म्हणून ओरडले होते, आणि त्यातले तीन माझ्या नाकासमोर वाया गेले होते.

दुसऱ्या फेरीला चकती निम्म्यावर लावली. अर्ध्यावर थांबणारी पट्टी बघून भावोजींचा जीव कासावीस व्हायचा, पण त्यांनी हात लावला नाही. पहिल्या तीन धुना झाल्या, जरा सावकाश, जरा कमी स्वरांच्या. मग ताईची. धून चढायची, थांबायची, करंगळी निघायची आणि स्वराच्या बोटभर अलीकडे अडकायची. गरम पाण्यात हात बुडवून झाला. खुर्ची उंच करून झाली, गिटारचा पट्टा आखूड करून झाला. सहा दिवस गेले. ताई गरम पाण्याचं भांडं आणून ठेवायची आणि दार ओढून घ्यायची.

मी म्हटलं, "तोच स्वर दुसऱ्या तारेवर मिळतो ना?"

"मिळतो. पण तिथे उडी मारावी लागते. ती चढत जाते गं, उडी मारत नाही."

"मग तेवढा एक स्वर दुसरीकडून उचलून संगणकात चिकटवू. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे घेतली. "पारड्याखाली बोट लावून वजन भरायचं? मी?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी खडूच्या खुणांवर खुर्ची ठेवली आणि ताईची धून शेवटची वाजवली. वर चढले, थांबले, आणि उंच स्वराची जागा मोकळी सोडली. बरोबर जेवढा वेळ तो स्वर राहतो तेवढा वेळ हात तारांवरून उचलून बसले, आणि मग उतरणीला लागले. संपल्यावर त्यांनी गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या. "नाही तर नाही," ते म्हणाले. "खोटं तरी नाही."

ऑपरेशन झालं. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी आणि आधाराला फळी. चौथ्या आठवड्यात एका सुटीच्या दिवशी आम्ही भावोजींच्या कारखान्यात गेलो. आजूबाजूला सगळी गोदामं, सुटीला चिटपाखरू नाही. अ‍ॅम्प मध्यभागी ठेवला. संगणकातून एक वायर रीअ‍ॅम्पच्या डबीत, डबीतून एक अ‍ॅम्पमध्ये, अ‍ॅम्पसमोर माइक. वाजवणारा माणूस पट्टी बांधून उभा आणि त्याची बोटं संगणकात. मी बटण दाबलं.

अ‍ॅम्प गरजला आणि त्याबरोबर अख्खा कारखाना खणखणायला लागला. भिंतीवर टांगलेली पारडी, स्प्रिंगा, साखळ्या, फळीवरची वजनं, सगळी एकदम थरथरत होती. भावोजींनी कपाळावर हात मारला. चौदा वर्षांच्या वहीत ह्याला रकाना नव्हता.

मग ताईला फोन केला. ती अर्ध्या तासात जुन्या चादरी घेऊन आली. "तरी म्हटलं अजून माझी आठवण कशी नाही झाली," असं म्हणत तिने एकेक पारडं बांधलं, साखळ्यांना चिंध्या गुंडाळल्या, वजनांखाली चादरी सरकवल्या. कारखान्यात दोनच खुर्च्या, दोन्ही गुंतलेल्या. ताई पोती तोलायच्या चौथऱ्यावर बसली आणि तिथला आकडा कुणाला दिसू नये म्हणून त्यावर रुमाल टाकला. उरलेल्या चादरींची घडी घालत बसली.

भावोजी उजव्या हाताने माइक नखानखाने सरकवत होते, अ‍ॅम्पची बटणं केसभर फिरवत होते. पहिल्या तीन धुनांना दुपार झाली. एकदा लांबून ट्रक गेला, पुन्हा. एकदा माझी खुर्ची कुरकुरली, पुन्हा. एकदा मलाच काही ऐकू आलं नाही, पण त्यांना आलं म्हणून पुन्हा. मी मुकाट्याने बटण दाबत होते, कारण आता घाई कशाचीच नव्हती. बोटं सुरक्षित होती.

मग ताईची धून लावली. त्या जुन्या पेटीतून ती अशी निघाली, जशी ती ह्या माणसाच्या डोक्यात एकतीस वर्षं वाजत असणार. भरदार, ऊबदार. हळूहळू चढत गेली. मी पडद्याकडे बघत होते, कारण पुढे मोकळी जागा आहे हे मला माहीत होतं आणि मला भावोजींच्या तोंडाकडे बघवणार नव्हतं. धून थांबली.

आणि तो स्वर लागला.

अ‍ॅम्पमधून नव्हे. ताईकडून. चादरीचं टोक हनुवटीखाली धरून, मिटल्या ओठांनी, तिने तो उंच स्वर धरला होता. बरोबर तोच. जेवढा राहायचा तेवढाच राहिला, जिथे सुटायचा तिथे सुटला, आणि अ‍ॅम्पने उतरण हातात घेतली. ताईने चादरीची पुढची घडी घातली. आपण काही केलं हे तिला कळलंही नव्हतं.

धून संपली. पडद्यावर, जिथे सरळ रेष असायला हवी होती, तिथे एक बारीक लाट उमटली होती. नाकासमोरचं सोडून काही न ऐकणाऱ्या माइकनेसुद्धा ती ऐकली होती.

"भावोजी," मी म्हणाले, "ताईचा आवाज आलाय. पुन्हा घ्यायचं ना?"

"अगंबाई! मी बोलले का?" ताई उठायला लागली. "घ्या, घ्या पुन्हा. मी बाहेर जाऊन बसते."

भावोजी अ‍ॅम्पपाशी पाठमोरे उभे होते. खुर्चीची कुरकुर खपवून न घेणारा माणूस. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता आणि त्यांनी तो पुसलाही नाही.

"तुला तो स्वर माहीत होता?" त्यांनी विचारलं.

"आता कमाल झाली," ताई म्हणाली. "एकतीस वर्षं दार लावून ऐकतेय मी. दार उघडं ठेवलं की फोडणीच्या आवाजाकडे लक्ष जायचं तुमचं. चुकायचात."

पुन्हा घेता आलं असतं. शंभर वेळा घेता आलं असतं, काहीच बिघडणार नव्हतं. मी बटणावर बोट ठेवून वाट बघत होते. भावोजींनी अ‍ॅम्पचं बटण खाली केलं आणि आतले दिवे हळूहळू विझत गेले. मग ते चौथऱ्यापाशी गेले आणि ताईला खाली उतरायला उजवा हात दिला.